डाव्या हाताची सही

वच्छले, तुला पोचवून आलो तेव्हापासून जो तो मला एकच विचारून राहिला. "इंदूबाई, शेवटी बाई काय बोलल्या?" मी सांगते, "हव" बोलल्या, नुसतं हो. लोकांचं तोंड उतरतं. अर्ध्या वलगावच्या लेकरांना हिनं अक्षरं शिकवली, जाताना काही तरी मोठं बोलून गेली असेल असं त्यांना वाटतं. त्यांना काय सांगू, की झटका आल्यापासून तुझ्याजवळ तेवढा एकच शब्द उरला होता. चहा पाहिजे? हव. चहा नको? हव. तुझी सून शीतल गंमत करायची, "आई, मी तुमाले लय तरास देते न?" त्यावरही तू हव म्हणायची, अन तेव्हा मात्र कळायचं नाही की हा हव आजाराचा आहे का सासूचा.

तू मला सांगायची, "इंदे, बोलतानी घरचं बोल, लिहितानी पुस्तकातलं लिही." म्हणून तुझ्याशी बोलायलाही मी आज पुस्तकातलं लिहायला बसली आहे. मधात घरचं घुसलं तर घुसू दे. लाल पेन घेऊन डोक्यावर उभी राहायला तू कुठे आहेस आता.

आपली ओळख झाली ती धुरातून. तू शाळेत पहिलीची बाई, मी शाळेची खिचडी रांधणारी. तुझा वर्ग अन माझी चूल, मधात एकच दार, अन ते दार तू धुरासाठी लोटायची, मी ऐकण्यासाठी उघडायची. मी शाळेचं तोंड पाहिलं ते असं, हातात पळी धरून. अक्षरं मला येत होती, पण ती वेचून आणलेली. एक एसटीच्या पाटीवरून, एक साबणाच्या वेष्टनावरून, एक दुकानाच्या बोर्डावरून. याला विचार, त्याला विचार, अन घरी येऊन कोळशानं मोरीच्या दगडावर काढून पाहा. तुला हे कळलं तेव्हा तू हसली नाही. "वेचणीचा कापूस बी कापूसच असते वं," एवढं म्हणाली. मला ते फार बरं वाटलं होतं. तुला मी ते कधी सांगितलं नाही.

तुझं शिकवणं पाहून मी आधी चकितच झाली. पोळा येईपर्यंत तू पोट्ट्यांच्या हाती पेन्सिलच देत नव्हती. माती मळ, सरकी निवड, ओलं फडकं पिळ. एका लेकराची माय दारात येऊन भांडली होती, आठवते न? "बाई, आमी पोट्टं शायेत पाठवलं का फडके पियाले?" तू तिच्याच हाती फडकं दिलं. म्हणाली, "तू पिय बरं. पाय, बोटाईत कसा जोर येते. तोच जोर पेन्सिलीले लागते. ज्याले फडकं पियता नाही येत तो पेन्सिल खुरप्यावानी धरते, अन मंग पाटी निंदत बसते." त्या बाईनं फडकं पिळलं, पाणी तुझ्याच पायावर पडलं, अन भांडण तिथेच वाहून गेलं.

अन ती सरकी! जमिनीवर खडूनं हातभर मोठं अक्षर काढायचं अन लेकरांनी त्यावर सरकी मांडत जायचं, जिथून हात सुरू होतो तिथून, जिकडे वळतो तिकडे. मी जिनिंगवरून पदरात बांधून आणायची. एक दिवस मयूरनं ग मांडता मांडता शेवटची सरकी नाकात घातली. त्याची आजी बाजूलाच राहायची, ती बोंबलत आली, "अवं बाई, माह्या नातवाच्या नाकात ग गेला!" पोरं हसून लोळली. तू शांत. मला म्हणाली, "इंदे, तुही तपकीर आन." चिमूटभर तपकीर, एक शिंक, अन सरकी फळ्यावर जाऊन आपटली. तू वर्गाला म्हणाली, "पाह्यलं? ग कुठं बी गेला तरी वापस आणता येते. आता मांडा पुन्हा." मयूर आज ट्रक चालवतो, वरूडची संत्री दूर दूर नेतो. तुझ्या मातीला आला होता. मला म्हणे, "मावशी, अजून बी ग लिहिला का मले नाकात हुयहुय होते." अन एवढा दांडगा माणूस भिंतीकडे तोंड करून रडला.

गिरवायला तू कधी दिलं नाही. बाकीच्या वर्गांतल्या बाया पाटीवर ठसठशीत अक्षर काढून देत अन लेकरं त्यावर पेन्सिल फिरवत राहत. तू म्हणायची, "गिरवून हात चालते, पन डोया झोपते." मी म्हणायची, चाल न, निदान हात तर चालतो. असा आपला वाद. दुपारी खिचडीची भांडी घासून झाली की मी चौकटीत बसायची, तू खुर्चीवर, अन आपण वाद घालायचो. लोकांना वाटायचं भांडतात. आपण तर जेवण जिरवत होतो.

अन रेघेचं! तो वाद तर तू अर्धाच सोडून गेली. एक दिवस तू वर्गातून ओरडली, "इंदे! हिकडं ये वं!" मी पळीसकट आली. पाहते तर अख्ख्या रांगेनं पाटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आधी रेघ ओढून ठेवली होती, अन मग तिच्याखाली एकेक अक्षर टांगून राहिले होते, दोरीवर धुणं वाळत घालावं तसे.

"हे कोनं शिकवलं रे?"

सगळ्यांची बोटं माझ्याकडे. "खिचडीवाल्या मावशीनं."

"मंग?" मी म्हटलं. "पेंटर बी आंधी रेघच मारते. मी पाह्यलं हाय."

"पेंटर रंगवते वं, तो लिहीत नाही."

"दिसते तं सारखंच न?"

"अवं बह्याडे, आंधी माणूस येऊ दे, त्याचं आंग केवढं हाय ते पाय, मंग त्याच्या डोक्यावर छत टाक."

"आमच्याकडे आंधी छपरी घालते, मंग माणसं येते."

तू कपाळाला हात लावला. खडूचा पांढरा पंजा कपाळावर उमटला अन पोट्टे फिदीफिदी हसले. त्या रांगेची ती खोड मोडायला तुला दिवाळीपर्यंत घाम गाळावा लागला. माझी खोड काही मोडली नाही. मी आजही रेघ आधीच ओढते. हे सगळं लिहून राहिली तेही तसंच, आधी दोरी बांधते, मग तुझ्या आठवणी वाळत घालते.

पण एक भांडण खरं होतं, वच्छले. ते जेवण जिरवायचं नव्हतं.

शाळा सुटल्यावर तू मोठ्या बायांना सही शिकवायची. निंदणाहून आलेल्या, हाताला हिरवा वास, अशा बाया लेकरांच्या पाट्या घेऊन बसायच्या. एकदा एक म्हातारी म्हणाली, मला नाही जमत, अंगठाच बरा. तू एकदम तापली. तुझ्या वडिलांचं तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. ते सडकेच्या कामावर जायचे, हजेरीला अंगठा लावायचे, अन घरी आल्यावर दाराजवळच्या भिंतीला पुसायचे. भिंतभर जांभळे ठसे. लहानपणी तुला वाटायचं, हीच अक्षरं आहेत. तू बोटानं त्यावरून वाचायचं नाटक करायची. एक दिवस वडिलांनी ते पाहिलं, अन दुसऱ्या दिवशी भिंत पांढऱ्या मातीनं पोतून टाकली, अन तुला शाळेत नेऊन बसवलं. म्हणाले, "आपल्या घरातला हा शेवटचा अंगठा. यानंतर कोनी लावाचा नाही."

हे ऐकून त्या म्हातारीनं पाटी पुन्हा मांडीवर घेतली. तिथेच थांबली असती तर बरं झालं असतं. पण तू पुढे म्हणाली, "अंगठा लावनं म्हंजे आपलं तोंड दुसऱ्याच्या हाती देनं. त्याच्यापक्षा मेलेलं बरं."

माझ्या डोक्यात सणक गेली. मी चौकटीतून उठली. "वच्छले, माही माय आयुष्यभर अंगठाच लावत होती. ते काय मेलेली होती? तिच्या अंगठ्यावर रेषा बी नोत्या उरल्या, बोंडं वेचून वेचून घासून गेल्या होत्या. शाईत बुडवला तरी नुसता डाग उमटे. तिच्या त्या डागावर आमी पाच लेकरं जगलो. तुले अक्षर आलं म्हून तू तिले मेलेली म्हणशीन?"

तू म्हणाली, "मी तुह्या मायले नाही म्हणलं."

"मंग कोनाच्या मायले म्हणलं?"

तू पाठ फिरवून फळा पुसायला लागली. कित्येक दिवस मी दार ओढून घेऊन खिचडी रांधली. मग एका सकाळी तू चुलीजवळ येऊन बसली, तांदळातले खडे वेचायला लागली. मी तुझ्यापुढे सूप सरकवलं. पुन्हा सगळं सुरू झालं, पण ते भांडण तसंच राहिलं, गादीखाली वस्तू ठेवून वरून निजावं तसं. पाठीला टोचत राहतं, पण उठून काढत कोणी नाही.

मग आपण म्हाताऱ्या झालो. तुझी पेन्शन सुरू झाली, माझी चूल सुनेकडे गेली. नवरात्र सरता सरता तुला झटका आला. तुझ्या लेकानं, प्रशांतनं, तुला त्याच्याकडे अकोल्याला नेलं. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. काही दिवसांनी त्याचा फोन आला, "मावशी, आई कोनाचंच आयकत नाही. जेवत बी नाही नीट. तुमी या." मी दोन लुगडी पिशवीत टाकली अन अमरावतीवरून गाडी धरली.

खाटेवर तू एवढीशी झाली होती. मला पाहून तोंड वाकडं करून हसली. म्हणजे तोंड वाकडं झालंच होतं, हसली तू सरळच. मी म्हटलं, "काहून वं, मले सोडून आराम करून राहिली?" तू म्हणाली, हव.

प्रशांतनं मला बाहेर नेऊन सांगितलं. पेन्शनसाठी दिवाळीनंतर हयातीचा दाखला द्यावा लागतो, माणूस जिवंत आहे म्हणून. दर साली तू बँकेत जाऊन ऐटीत सही करायची. आता बँकेचा माणूस घरी येईल, अन अंगठा घेईल. "आईले सांगतलं तं तिनं हात गोधडीखाली लपवला, मावशी. तोंडानं हव म्हणते अन मानेनं नाही. लोकं लावते न अंगठा. आजारी माणसाले कोनी नाव ठेवते का?"

लेकराचं चुकत नव्हतं. मी आत येऊन तुझ्याजवळ बसली. मनात आलं, आता हिला म्हणावं, लाव की. माझ्या मायनं लावला, तू लाव. एवढ्या वर्षांचं उत्तर माझ्या तोंडाशी येऊन बसलं होतं, वच्छले. पण तू डाव्या हाताचं एक बोट गोधडीवर फिरवून राहिली होती. वरून खाली, मग पोटात वळण. मी ओळखलं. व. तुझ्या नावातला पहिला.

मी उठून शीतलला म्हटलं, "परात दे, अन ज्वारी दे."

मग सुरू झाली तुझी पहिली. परातीत ज्वारी पसरायची अन तुझं डावं बोट त्यात. पहिल्या दिवशी तू मूठभर ज्वारी माझ्या अंगावर फेकली. मी म्हटलं, "फेक. पहिलीतले पोट्टे बी आंधी फेकतेच." तुझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते हसण्याचं का रडण्याचं, तुझं तोंड तेव्हा काही खरं सांगत नव्हतं. मी तुला ओलं फडकं दिलं पिळायला. डाव्या हातानं पिळ, एका हातानं फडकं पिळता येत नाही म्हणून दुसरं टोक मी धरलं. आपण दोघींनी मिळून ते फडकं पिळलं. शीतल दारात उभी राहून म्हणाली, "या दोघी काय करून राहिल्या कोन जाने."

माझा धीर सुटला तेव्हा मी लबाडी केली. पाटीवर टिंबांनी तुझं नाव काढलं अन म्हटलं, फिरव यावरून पेन्सिल, लवकर होईल. तू पाटीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. अन तळहातानं सगळं पुसून टाकलं. बोलता येत नाही, उठता येत नाही, पण गिरवणार नाही! मी एवढी चिडली, अन एवढी हसली, की शीतल पाणी घेऊन धावली.

व आला. ला आला. मधलं जोडाक्षर काही येईना. तू व काढायची, मधात जागा सोडायची, मग ला. त्या रिकाम्या जागेवर पेन्सिलचं टोक नुसतं ठोकत बसायची. शीतल म्हणाली, "आई, नुसता व लिहा न, चालते." तू तिच्याकडे असं पाहिलं की ती चहा ठेवायला निघून गेली. मला तुझंच शिकवणं आठवलं. लेकरांना तू म्हणायची, जोडाक्षर म्हणजे दोघांनी एका खाटेवर निजणं, पहिल्यानं अंग चोरलं नाही तर दुसऱ्याला जागा होत नाही. मी काय केलं, तुझ्या खाटेवर चढली. तुला सरकवून बाजूला निजली. "पाय, हा तू त. आंग चोर. आता हे मी स." खाट करकरली. तू खिदळली, खरंच खिदळली, झटक्यानंतर पहिल्यांदा. प्रशांत धावत आला, पाहतो तर दोन म्हाताऱ्या एका खाटेवर. "मावशी, खाट मोडंन न!"

अन मग एका सकाळी ते उतरलं. त अर्धा झाला, स त्याच्या खांद्याला रेलला. वत्सला. पूर्ण. वाकडं, थरथरतं, सुगरणीच्या खोप्यासारखं झुलतं, पण तुझं. अन रेघ तू सगळ्यात शेवटी ओढली. एवढ्या आजारातही, मुद्दाम माझ्याकडे पाहून ओढली. शीतलनं शिरा केला. मी पदरानं तुझं तोंड पुसलं, मग माझं. मला वाटलं, जिंकलो आपण.

बँकेचा माणूस आला तो तरणाच होता, सभ्य होता. बूट बाहेर काढून आत आला, तुला आजी म्हणाला. तू उशीला टेकून बसली होती, धुवट पांढरी साडी, केस विंचरलेले. त्यानं कागद पुढे केला अन शाईचा डबा काढला. प्रशांत म्हणाला, "आई सही करते." त्याला नवल वाटलं, पण थांबला. तू लिहायला लागली. किती वेळ लागला मला माहीत नाही. तू पेन ठेवला अन वर पाहिलं, जशी पहिलीतली पोरगी पाटी दाखवून वर पाहते तशी.

त्यानं मोबाईलमध्ये काही पाहिलं. पुन्हा कागदाकडे पाहिलं. मग हळू आवाजात प्रशांतला म्हणाला, "दादा, सही जुळत नाही."

मला आधी समजलंच नाही. जुळत नाही म्हणजे? नाव तेच आहे न? तो मला समजावून सांगू लागला, "काकू, यांची जुनी सही उजव्या हाताची आहे. ही वेगळी दिसते. मी घेतली तरी वरतून वापस येईन. अंगठा घेतला अन दोन साक्षीदार घेतले तं काही अडचण नाही."

मी काय काय बोलली ते मला लिहायची लाज वाटते. त्या पोराचा दोष नव्हता. मी म्हटलं, अरे बापू, या बाईनं अख्ख्या गावाला सही करायला लावलं, अन तू तिचा अंगठा मागतो? पुन्हा लिहिते ती, थांब, उद्या ये, आम्ही जुन्या सहीसारखी सही करून दाखवतो. त्यानं शाईच्या डब्याचं झाकण उघडलं. प्रशांत म्हणाला, "मावशी, जाऊ द्या." अन तो पोरगा बिचारा, आता लवकर आटपावं म्हणून, गोधडीवर पडलेला तुझा उजवा हात उचलायला वाकला. तो मेलेला हात.

तेव्हा तू "हव" म्हणाली. मोठ्यानं. अन डावा हात पुढे केला. अंगठा वर.

मी रडून राहिली होती अन तू माझ्याकडे पाहत होती. त्याच्याकडे नाही, कागदाकडे नाही. माझ्याकडे. अंगठ्याला शाई लागली, अंगठा कागदावर टेकला, उचलला गेला, अन तू माझ्यावरची नजर काढली नाही.

मग साक्षीदार. एक प्रशांत, एक मी. वत्सलाबाईंच्या अंगठ्याला साक्षीची सही इंदूबाईची. सवयीनं मी आधी रेघ ओढली. अन मग थांबली, आता तू टोकशील म्हणून. तू टोकलं नाही. वच्छले, तू टोकायला पाहिजे होतं. हव म्हणूनच टोकायचं होतं.

तो गेल्यावर शीतल साबण-पाणी घेऊन आली. तू मूठ मिटून घेतली. तिनं बोटं उघडायला पाहिली, तू उघडू दिली नाहीत. मी तुझ्यावरच बिघडली, "काहून देला हात? लिहिलं होतं न तू? नाव लिहिलं होतं न?" तू डोळे मिटून घेतले. मूठ छातीवर.

तेव्हापासून मी हेच उलगडत बसली आहे. तू हरली म्हणून दिला? त्या पोराची अडचण पाहून दिला? का त्या चौकटीतल्या दुपारचं उत्तर, माझ्या मायचं उत्तर, तू मला तेव्हा दिलं? मला तेच खरं मानावंसं वाटतं. पण तूच शिकवलं आहे, जे डोळ्यांना दिसलं नाही ते लिहू नये. म्हणून लिहीत नाही. गंमत पाहा, आता कोणी म्हणालं की बाईंनी शेवटी अंगठाच लावला, तर मी भांडायला उठते. तुझी बाजू मी धरून बसली, अन माझी बाजू धरायला कोणी उरलं नाही. एकटीनं वाद घालता येत नाही. दार उघडं ठेवते, पलीकडून आवाज येत नाही.

तुझे उपकार मी मोजणार नाही, तुला आवडायचं नाही. एवढंच सांगते, तू माझ्या वेचलेल्या अक्षरांना कापूस म्हटलं नसतं तर मी ती कधी सुतासारखी कातली नसती. आज पानं भरून राहिली ती त्या एका वाक्यावर.

दुसरा झटका आला तो शाई फिकी व्हायच्या आतच. या वेळी हव म्हणायलाही वेळ मिळाला नाही तुला.

विहारातल्या बाया आल्या. मागच्या अंगणात पाणी तापवलं. आंघोळ घालायला शीतल होती, तुझ्या नात्यातल्या बाया होत्या, अन मी. कोणीतरी म्हणालं, या कोण? शीतल म्हणाली, "या आईच्या इंदूमावशी, याच घालतीन." मी तुझे पाय धुतले, पाठ धुतली. डाव्या हाताजवळ आली. मूठ तशीच होती. मी एकेक बोट सोडवलं. आत अंगठ्यावर ती निळी शाई, कडा सुटल्या होत्या पण मधात तशीच घट्ट. रेषा स्पष्ट दिसत होत्या, गोल गोल, आत आत जाणाऱ्या. माझ्या मायच्या अंगठ्यावर ज्या उरल्या नव्हत्या त्या सगळ्या.

एक बाई म्हणाली, "अव्वा, बाईच्या अंगठ्याले शाई? चांगलं नाही दिसत. लोकं पायतीन." शीतल आत जाऊन लिंबू कापून घेऊन आली. अर्धी फोड माझ्या हातात दिली. "मावशी, घासा. निघंन."

मी घासायला लागली होती, वच्छले. खोटं सांगत नाही. लिंबाचा रस अंगठ्यावर पिळला होता. तुझ्या वडिलांनी भिंत पोतली तशी मीही पोतून टाकणार होती, अन तुला कोरी करून पाठवणार होती. मग तुझं ते पाहणं आठवलं. मेलेला हात सोडून, चालता हात पुढे केलेला.

"मावशी, पाणी थंडं होऊन राहिलं," शीतल म्हणाली.

मी फोड खाली ठेवली. वरून नुसतं पाणी सोडलं, रस वाहून जाऊ दिला. शाई राहिली. पदरानं हात कोरडा केला, अन एकेक बोट वळवून मूठ मिटून दिली, जशी तू ठेवली होती तशी.